सिनेमा संपल्यावर खुर्च्या गोल करा



सर्वधर्म समभावाचे कार्यक्रम आपल्याकडे काही कमी होत नाहीत. व्यासपीठावर चार धर्मांचे चार वक्ते, चौघांना शाल आणि श्रीफळ, आमचा धर्म शांतता शिकवतो असं चौघांनी आळीपाळीने सांगायचं, टाळ्या, चहा, आभार प्रदर्शन. कार्यक्रम छान झाला म्हणत आपण घरी येतो आणि शेजारच्या खुर्चीवर दोन तास बसलेल्या बाईचं नावसुद्धा आपल्याला माहीत नसतं. तिने आपल्याला काही विचारलेलं नसतं, आपण तिला काही सांगितलेलं नसतं.

यावर्षी आमच्या महिला मंडळात असाच कार्यक्रम ठरू लागला तेव्हा मी एक वेगळी गोष्ट सुचवली. भाषणं नकोत, तीन रविवार तीन सिनेमे दाखवू, गावातल्या सगळ्या धर्मांच्या बायकांना बोलावू आणि सिनेमा संपल्यावर खुर्च्या गोल करून बोलत बसू. काहीजणींना हे आवडलं, काहींनी नाक मुरडलं. सिनेमा आणि धर्म यांचा संबंध काय, असं एका काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही कल्पना मी काही आभाळातून आणलेली नाही. उत्तर इटलीत ट्रेंटो नावाचं गाव आहे. तिथे 1997 पासून दरवर्षी धर्म आणि धर्मांतला संवाद याच विषयाला वाहिलेला चित्रपट महोत्सव भरतो. त्याचं नाव 'रिलिजन टुडे'. वेगवेगळ्या धर्मांचे दिग्दर्शक तिथे येतात, एकमेकांचे चित्रपट बघतात, त्यावर बोलतात. हा महोत्सव ट्रेंटोतच भरावा याला अर्थ आहे. 1475 साली याच गावात सिमोन नावाचं एक लहान मूल मेलेलं सापडलं आणि ज्यूंनीच त्याला धार्मिक विधीसाठी मारलं अशी आवई उठली. त्या आरोपावरून तिथल्या ज्यू पुरुषांचा छळ झाला, त्यांना मारलं गेलं आणि त्या मुलाची हुतात्मा म्हणून पूजा सुरू झाली. ती पूजा कॅथलिक चर्चने थांबवली ती थेट 1965 मध्ये. म्हणजे एका खोट्या गोष्टीला पुसायला पाच शतकं लागली. त्याच ट्रेंटोत 1545 ते 1563 या काळात चर्चची मोठी परिषद झाली आणि प्रोटेस्टंट पंथाविरुद्ध कॅथलिक भूमिका पक्की करण्यात आली. अशा गावात आज वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका अंधाऱ्या सभागृहात शेजारी शेजारी बसतात. खोट्या गोष्टीने जे बिघडतं ते सावरायलाही गोष्टच लागते, असं मला यातून वाटतं.

दुसरं उदाहरण कान महोत्सवाचं. तिथलं लाल पायघड्यांवरून चालणाऱ्या नट्यांचं दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्याच कानमध्ये 1974 पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळींचं एक संयुक्त परीक्षक मंडळ बसतं आणि स्वतःचं एक पारितोषिक देतं. एकेकाळी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन पंथ. पहिल्याच वर्षी त्यांनी कोणता चित्रपट निवडावा? येशूच्या जीवनावरचा नाही. फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाचा 'फिअर ईट्स द सोल'. त्यात एमी नावाची साठीची जर्मन विधवा आहे, साफसफाईची कामं करून पोट भरणारी. ती मोरोक्कोहून आलेल्या, तिच्याहून बऱ्याच लहान अली नावाच्या कामगाराशी लग्न करते. मुलं तोंड फिरवतात, शेजारणी कुजबुजतात, किराणा दुकानदार सामान द्यायला टाळाटाळ करतो. प्रार्थनेचा, चर्चचा, मशिदीचा फारसा संबंधच नाही. आणि तरी धर्माच्या माणसांना तो चित्रपट आपल्या कामाचा वाटला.

त्यातला एक प्रसंग तर आपल्या स्वयंपाकघरातला म्हणावा असा आहे. लग्नानंतर काही दिवसांनी लोकांचा राग थोडा निवळतो. तेव्हा अली बायकोजवळ त्याच्या देशातला कुसकुस मागतो. ती म्हणते, मला नाही आवडत, तू इथलं खायला शिक. सगळ्या जगाशी भांडून जिने त्याच्याशी लग्न केलं, तीच एका ताटावरून अडते. मग तो कुसकुस खायला दुसऱ्या बाईच्या दारी जातो. सून घरात आल्यावर तिच्या माहेरची आमटी आपल्या चुलीवर किती वर्षांनी शिजली, हे ज्या घरांनी पाहिलं आहे, त्यांना यावर भाषणाची गरज नाही. गोल केलेल्या खुर्च्यांवर मला असलं बोलणं हवं आहे. 'तुमच्या धर्मात अहिंसेचं स्थान काय' या प्रश्नाला सगळ्यांकडे पाठ केलेलं उत्तर असतं. 'एमी चुकली का' या प्रश्नाला कुणाकडेच तयार उत्तर नसतं.

म्हणून महोत्सवासाठी चित्रपट निवडताना माझा पहिला आग्रह असा की देवाधर्माचे चित्रपट नकोत, घरादाराचे हवेत. पौराणिक चित्रपट आपण हात जोडून बघतो, त्यावर वाद घालत नाही, आणि दुसऱ्यांच्या पौराणिक चित्रपटावर बोलायला आपली जीभ अडखळते. शिवाय काही गोष्टी पडद्यावर दाखवायच्याच नाहीत असं प्रत्येकाकडे असतं. साधूंचं सोंग नटाने घ्यावं हे आपल्यातल्या अनेकांना रुचत नाही. मुसलमानांमध्ये पैगंबरांचं चित्र काढत नाहीत. मुस्तफा अक्कड यांनी 'द मेसेज' हा इस्लामच्या उदयावरचा मोठा चित्रपट केला, त्यात पैगंबर कुठेही दिसत नाहीत. समोरची पात्रं जणू त्यांच्याशी बोलताहेत अशी कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. आपण मूर्तिपूजक आणि ते मूर्ती न मानणारे, एवढंच आपण ऐकून असतो. पण 'जे फार पवित्र आहे त्याचं सोंग नको' ही भावना आपल्यालाही किती ओळखीची आहे!

माझ्या यादीतला एक चित्रपट लेबनॉनचा आहे. नदीन लबाकी या बाईंचा 'व्हेअर डू वी गो नाऊ', 2011 सालचा. लेबनॉनमध्ये 1975 ते 1990 यादवी युद्ध झालं, धर्म आणि पंथांच्या नावाने शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं. चित्रपटातलं गाव डोंगरात आहे, भोवती सुरुंग पेरलेले, बाहेर जायला एक अरुंद पूल. चर्च आणि मशीद जवळजवळ. सुरुवातीलाच काळ्या कपड्यांतल्या बायका स्मशानाकडे चालत येतात आणि आत गेल्यावर दोन बाजूंना वळतात, ख्रिश्चन एकीकडे, मुसलमान दुसरीकडे. दोन्हीकडे नवऱ्यांची आणि मुलांची थडगी.

बाहेर पुन्हा दंगे पेटलेत ही बातमी गावातल्या पुरुषांच्या कानावर जाऊ नये म्हणून या बायका काय काय करतात! टीव्ही बिघडवतात, खोटा चमत्कार घडवतात, एकदा तर सगळ्या मिळून पक्वान्नं भाजतात आणि त्यात नशेचा पदार्थ घालून पुरुषांना झोपवतात, त्या वेळात शस्त्रं पुरून टाकतात. आपण हसतो. आणि मग एका आईचा तरुण मुलगा गावाबाहेर गोळीबारात सापडून मरतो. ती त्याचं प्रेत लपवते, कारण बातमी फुटली तर बदल्यासाठी दहा प्रेतं पडतील. रडायलाही तिला चोरून रडावं लागतं. शेवटी बायका आपापले धर्म अदलाबदल करून नवऱ्यांसमोर उभ्या राहतात. आता घरातच 'ते' आहेत, मारा कुणाला मारायचं ते.

2008 मध्ये बैरूतच्या रस्त्यांवर पुन्हा गोळीबार सुरू झाला, त्याच सुमारास आपण आई होणार हे लबाकींना कळलं आणि हा चित्रपट त्यातून जन्मला, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. कानच्या त्याच संयुक्त परीक्षक मंडळाने 2011 मध्ये या चित्रपटाचा विशेष उल्लेख केला.

नशा घातलेली पक्वान्नं आणि अर्धवट कपड्यांतल्या नर्तकी बघून आपल्याकडच्या दोनचार जणी उठून जातील, हे मला माहीत आहे. जाऊ देत. पण त्या आईचं चोरून रडणं ज्या बघतील, त्यांना पुढच्या वेळी मोबाइलवर भडकवणारा निरोप आला तर तो पुढे पाठवताना हात थोडा अडखळेल. त्या बायकांनी टीव्हीची वायर का तोडली ते त्यांना आठवेल. आजचा टीव्ही आपल्या हातातच असतो, वायर तोडायला कुठे जावंही लागत नाही.

दुसरा चित्रपट आपल्या घरचा, 1941 सालचा 'शेजारी'. 'प्रभात'चा, शांतारामबापूंचा. प्रभात कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली, म्हणजे हा आपल्या मातीतलाच वारसा. कथा विश्राम बेडेकरांची. एक हिंदू, एक मुसलमान, जन्माचे मित्र, बुद्धिबळाचे सोबती. गावात धरण बांधायला आलेला धनिक आपल्या फायद्यासाठी दोघांत वितुष्ट पाडतो. याची हिंदी आवृत्ती 'पडोसी' नावाने निघाली. तिच्यात हिंदू ठाकूर साकारला मझहर खान यांनी आणि मुसलमान मिर्झा साकारला गजानन जागीरदार यांनी. फाळणीच्या सहा वर्षं आधी हे धाडस झालं होतं. ऐंशीच्या आजींनाही तो बघता येईल, वाचायची पाटी नको, भाषा आपलीच.

तिसरा 'गर्म हवा', एम. एस. सथ्यूंचा, 1973 सालचा. आग्र्यातले बुटांचे कारखानदार सलीम मिर्झा फाळणीनंतर पाकिस्तानात जायला नकार देतात. एकेक नातेवाईक जातो, हवेली हातची जाते. म्हातारी आई हवेली सोडायला तयार नाही, सरपणाच्या कोठीत जाऊन लपते. बलराज साहनींनी सलीम मिर्झा असे उभे केलेत की त्यांनी आवाज न चढवताही आपल्या घशात आवंढा येतो. आणि हेच सलीम मिर्झा भाड्याचं घर शोधत दारोदार फिरतात तेव्हा नाव ऐकून दारं बंद होतात.

इथे मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचं आहे. कारण माझ्या मते अशा महोत्सवाची खरी कसोटी इथेच लागते.

घर भाड्याने देताना 'फक्त शाकाहारी' अशी अट आपल्या कितीतरी सोसायट्यांत असते. आपली बाजू मला पूर्ण ठाऊक आहे. शेजारच्या खिडकीतून मांस शिजल्याचा वास आला तर आपल्या सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही. हे ढोंग नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा संस्कार आहे आणि त्यामागे जीवदया आहे. पण त्या अटीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईला काय वाटतं, हे आपण कधी तिच्या तोंडून ऐकलेलं आहे का? ती मुसलमान असेल, ख्रिश्चन असेल, बौद्ध असेल, मराठा असेल. मी आयुष्यभर घरात मांस शिजवणार नाही असं लिहून देते म्हणाली तरी आडनाव ऐकून नकार येतो, असं तिला वाटत असेल. तिथे जीवदया संपते आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं. 'गर्म हवा' बघून गोल बसल्यावर हा विषय निघणारच. निघाला तर घाईघाईने चहा आणायला उठायचं नाही, ऐकून घ्यायचं. तसंच दुसऱ्या बाजूनेही आपलं ऐकावं. 'तुम्ही मुंग्यांना वाचवता आणि माणसांना दार बंद करता' हे वाक्य आपल्याला लागतं. ते का लागतं, आणि त्यातलं किती खरं, किती अन्यायाचं, हे आपणच सांगायला हवं. व्यासपीठावरच्या पाहुण्याने ते काम करून चालणार नाही.

म्हणून माझा दुसरा आग्रह: प्रत्येक समाजाने स्वतःला टोचणारा एक तरी चित्रपट स्वतः सुचवावा. आपल्या वाटचा म्हणून मी आनंद गांधींचा 'शिप ऑफ थिसिअस' सुचवेन. 2013 मध्ये प्रदर्शित झाला, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. त्यातला मैत्रेय नावाचा साधू, नीरज कबींनी साकारलेला, आपल्या साधूंची आठवण करून देतो. तो प्राण्यांवरच्या औषध चाचण्यांविरुद्ध न्यायालयात लढतो आहे. त्याचं यकृत निकामी होतं आणि जगायचं तर तीच औषधं घ्यावी लागणार. तो नकार देतो, देह झिजत जातो. एक तरुण वकील त्याच्याशी वाद घालत राहतो. शेवटी काय होतं ते सांगत नाही, पण आपल्याला ते सोपं जाणार नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं आणि महिन्याच्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो होतो. पण शेजारच्या ख्रिश्चन किंवा मुसलमान मैत्रिणीला सल्लेखना म्हणजे काय, आत्महत्या का नाही, हे आपल्यातल्या किती जणींनी समजावून सांगितलं? हा चित्रपट बघून ती विचारेल. आणि उत्तर देताना आपल्यालाही कळेल की आपल्याला नेमकं किती माहीत आहे.

आता आपल्या धर्माची गोष्ट. अनेकांत आपल्याला लहानपणापासून हत्ती आणि सात आंधळ्यांच्या गोष्टीतून शिकवला. वस्तूला अनेक बाजू असतात, एका वेळी आपल्याला एकच दिसते, म्हणून बोलताना 'स्यात्' म्हणावं, म्हणजे 'एका अपेक्षेने'. पाठशाळेत हे पाठ होतं, पण सराव करायला जागा मिळत नाही, कारण पाठशाळेत सगळे हत्तीच्या एकाच बाजूला बसलेले असतात. चित्रपट झाल्यावरचं गोल बसणं ही सरावाची जागा आहे. एकच प्रसंग दहा जणींनी पाहिला आणि दहा वेगळ्या गोष्टी दिसल्या, याहून सोपा अनेकांताचा धडा कुठला?

'हे सगळं आधीच चांगल्या असलेल्या बायकाच करणार, द्वेष करणारी येणारच नाही' असं एक मैत्रीण म्हणाली. ते खरं आहे. सिनेमाने दंगल थांबत नाही. सिनेमाने द्वेष पसरवताही येतो, हेही आपण पाहतो. पण दंगल एरवीच्या दिवशी होत नाही, अफवेच्या दिवशी होते. त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत जिला फोन करून 'अगं, हे खरं आहे का?' असं विचारता येईल, अशी एक तरी ओळख असावी. तेवढ्यासाठी तीन रविवार मला जास्त वाटत नाहीत.

बाकी तयारी आपल्या हातखंडा कामांसारखीच आहे. चातुर्मासात अनेकजणींचा सिनेमा न बघण्याचा नियम असतो, म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचे रविवार घ्यावेत. 6 डिसेंबर टाळावा, तो बौद्ध भगिनींचा बाबासाहेबांच्या स्मरणाचा दिवस. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, रविवारी सकाळी चर्च, म्हणून रविवारी दुपारी दोनची वेळ बरी. 'गर्म हवा' जवळजवळ अडीच तासांचा आहे. साडेचारला संपला तर पाऊण तास बोलणं होतं आणि आपल्याला सूर्यास्ताआधी घरी जाऊन जेवता येतं. पुढे रमजानात कार्यक्रम ठेवायचा झाला तर त्यांचं जेवण आपलं संपतं तिथून सुरू होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी घ्यावी, मोबाइलवरून उतरवून घेतलेला दाखवू नये. अचौर्य व्रत आपलंच आहे ना!

बसताना आठ-दहा जणींचेच गट करावेत आणि मैत्रिणी मैत्रिणी एकत्र बसू नयेत. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच, 'कोणत्या पात्राची तुम्हाला कीव आली?' आणि 'आमच्या धर्मात असं म्हटलंय' या शब्दांनी कुणी बोलणं सुरू करायचं नाही, 'मला असं वाटलं' म्हणायचं.

खाण्याचं एक सांगते. पहिल्या रविवारी आपण यजमान, तेव्हा केळी, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, आपल्या पद्धतीचं सगळं. पण दुसरा रविवार त्यांच्या जागेत असावा. दर वेळी सगळ्यांनी आपल्याच दारी येऊन आपलेच नियम पाळायचे, याला पाहुणचार म्हणता येईल, संवाद म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे जाताना आपण आपला डबा आणि गाळलेलं पाणी नेऊ, त्या त्यांचं खातील. एका सतरंजीवर दोन डबे उघडले म्हणून कुणाचं व्रत मोडत नाही.

मंडळाची बैठक येत्या पंधरवड्यात आहे. माझं नाव खुर्च्या लावायच्या कामात आधीच लिहून ठेवलं आहे. तुमच्या गावात असं काही करणार असाल तर तुमच्या समाजाला टोचणारा कोणता चित्रपट तुम्ही निवडाल, तेवढं मात्र आधी ठरवा.

जय जिनेंद्र.